मराठी आडनावे : उगम, अर्थ आणि पुरावा म्हणून त्यांची मर्यादा

१. विषयाचे स्वरूप

महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाच्या साधनांत आडनावाला एक चमत्कारिक स्थान प्राप्त झाले आहे. ताम्रपट, शिलालेख, महजर, निवाडपत्रे ही साधने परिश्रमपूर्वक मिळवावी लागतात, वाचावी लागतात व त्यांचा काळ निश्चित करावा लागतो. आडनाव मात्र प्रत्येक व्यक्तीच्या नावास जोडलेलेच असते. ते अनायासे हाती येते, आणि अनायासे हाती आलेल्या साधनाची पारखही बहुधा अनायासेच उरकली जाते. घराण्याचे मूळ स्थान कोणते, त्याची जात कोणती, कोणत्या प्राचीन राजकुलाशी त्याचा संबंध पोहोचतो, हे सारे प्रश्न केवळ आडनावाच्या आधारे सोडविण्याचा मोह अभ्यासकांस आणि कुलाभिमानी लेखकांस सारखाच होत आला आहे.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ग्रामनामे व व्यक्तिनामे यांची व्युत्पत्ती लावून महाराष्ट्रातील वसाहतींचा इतिहास शोधण्याची दिशा दाखविली. या दिशेने मराठी संशोधनाला लाभही पुष्कळ झाला. परंतु राजवाडे यांच्यापाशी असलेला अस्सल कागदपत्रांचा साठा मागे पडून केवळ ध्वनिसाम्य हाच पुरावा मानण्याची प्रवृत्ती पुढे वाढली. मराठी आडनाव ज्या काळात घडले त्या काळात ते कोणत्या गरजेतून घडले, याचा विचार केल्यास या प्रवृत्तीतील दोष स्पष्ट होतो. आडनाव हे मुळात रक्तसंबंधाची खूण नव्हते. गाव, वतन, सरकारी अधिकार, धंदा किंवा एखादा प्रसंग यांच्याशी व्यक्तीचा असलेला संबंध त्याने दाखविला जाई. तो संबंध बदलला की आडनावही बदले. म्हणून एका कुळात अनेक आडनावे आणि अनेक कुळांत एकच आडनाव, ही मराठी समाजातील नित्याची स्थिती आहे. तिची कारणे व परिणाम यांचा विचार पुढे केला आहे.

२. कागदपत्रांतील व्यक्ती

'आडनाव' या शब्दातच त्याचे गौणत्व सूचित झाले आहे. आडवाट, आडगाव या शब्दांत 'आड' हे पद जे मुख्य नाही त्याचा बोध करून देते. त्याचप्रमाणे आडनाव म्हणजे मुख्य नावाच्या जोडीचे दुय्यम नाव. जुन्या कागदांत 'उपनाव' वा 'उपनाम' हा शब्द याच अर्थाने येतो. कुळ, गोत्र आणि देवक या तीन संज्ञा यांपासून भिन्न आहेत. विवाहसंबंध जुळविताना गोत्र व देवक यांना महत्त्व असे, आडनावास नसे. कारण आडनाव बदलू शकते, गोत्र व देवक बदलत नाहीत, हे समाजास ठाऊक होते.

१७व्या व १८व्या शतकांतील राजकीय पत्रव्यवहार पाहिला असता आडनावाचा अभाव प्रथम नजरेत भरतो. बाळाजी विश्वनाथ, रामचंद्र नीळकंठ, परशुराम त्रिंबक ही नावे केवळ स्वतःचे नाव व पित्याचे नाव यांनी पूर्ण होतात. नाना फडणीस (१७४२–१८००) या नावाने प्रसिद्ध असलेला मुत्सद्दी कागदोपत्री बाळाजी जनार्दन असतो. गावकीच्या कागदांत 'बिन' किंवा 'वलद' हे अरबीतून आलेले शब्द पुत्रत्व दाखवितात. वतनाच्या तंट्यात जे महजर होत, त्यांवर साक्षीदारांच्या नावांबरोबर त्यांच्या निशाण्याही असत. पाटलाची निशाणी नांगराची. बलुतेदारांच्या निशाण्या त्यांच्या त्यांच्या हत्यारांच्या. ज्या समाजात नांगराची आकृती व्यक्तीची आणि तिच्या हक्काची ओळख पटविण्यास पुरेशी होती, त्या समाजात आडनावाची गरज मर्यादित असणे स्वाभाविक होते.

अशा समाजात एकाच व्यक्तीस अनेक ओळखी असू शकत. याचे सर्वपरिचित उदाहरण संत तुकारामांचे आहे. घराण्याचे कुळ मोरे, उपनाव आंबिले. देहूच्या बाजारपेठेची महाजनकी घराण्याकडे, आणि धंदा वाण्याचा. मोरे, आंबिले, महाजन आणि वाणी या चार पदांपैकी कोणतेही एक पुढे स्थिर होऊन त्यांच्या वंशजांचे आडनाव बनू शकले असते. तसे एखादे पद आज कोणा घराण्याचे आडनाव म्हणून आढळले, तर उरलेली तीन पदे त्या घराण्याला लागू नव्हती असा निष्कर्ष मात्र काढता येणार नाही.

३. गावावरून पडलेली आडनावे

मराठीत 'कर' प्रत्ययान्त आडनावांचा भरणा मोठा आहे. सर्वसाधारण समज असा की, 'कर' प्रत्यय लागलेले घराणे त्या त्या गावचे रहिवासी. हा समज अर्धाच बरोबर आहे. गावात राहणाऱ्या माणसाला गावाच्या नावाने ओळखण्यात काही अर्थ नसतो, कारण तेथे सर्वच त्या गावचे असतात. गावाचे नाव ओळख म्हणून उपयोगी पडते ते गाव सोडल्यावर, किंवा गावाशी काही विशेष हक्काचा संबंध असल्यास. म्हणून 'कर' प्रत्ययान्त आडनाव हे बहुधा स्थलांतराचे किंवा वतनाचे द्योतक मानावे लागते.

नीरा नदीच्या काठच्या होळ या गावावरून मल्हाररावांचे घराणे होळकर झाले. परंतु स्वतः मल्हारराव खानदेशात तळोदे येथे मामाच्या आश्रयाने वाढले. फलटणचे निंबाळकर मूळ पवार कुळातले म्हणून स्वतःस समजतात. त्यांचे आडनाव निंबळक गावावरून पडले. पाटणच्या वतनावरून साळुंखे घराण्याची एक शाखा पाटणकर म्हणवू लागली. जतचे डफळे हे कुळाने चव्हाण, नावाने डफळापूरचे. या घराण्यांत कुळाचे नाव लुप्त झाले नाही. लग्नकार्यात व वंशावळीत ते जपले गेले. व्यवहारात मात्र वतनाचे गाव पुढे आले, कारण सत्ता, उत्पन्न व मान यांचा उगम त्या गावात होता.

या प्रकारातील दोन उदाहरणे एकत्र ठेवून पाहण्याजोगी आहेत. मराठी आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे (मृत्यू १७२९) यांच्या घराण्याचे मूळ उपनाव संकपाळ होते. अंगरवाडी या गावावरून ते आंग्रे झाले. डॉ. भीमराव आंबेडकर (१८९१–१९५६) यांचे पिता सुभेदार रामजी मालोजी सकपाळ. मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे त्यांचे मूळ गाव. गावावरून आंबडवेकर असे नाव पडले, आणि त्याचे आंबेडकर हे रूप शाळेत स्थिर झाले. त्या रूपाचा संबंध त्यांच्या एका शिक्षकाशी जोडला जातो. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत त्यांचे नाव दाखल झाले ते 'भिवा रामजी आंबेडकर' असे. महाराष्ट्रात हा दिवस २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.

सुमारे दोन शतकांच्या अंतराने, समाजाच्या दोन अत्यंत भिन्न स्तरांतील या दोन घराण्यांनी एकच उपनाव मागे टाकले आणि गावाचे नाव धारण केले. संकपाळ व सकपाळ ही एकाच नावाची दोन उच्चारणे होत. त्यावरून या दोन घराण्यांचा रक्तसंबंध सिद्ध होत नाही, आणि तो नव्हता असेही सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते इतकेच की, कोकणातील एक उपनाव जातीच्या सीमांच्या दोन्ही बाजूंस नांदत होते. दुसरी गोष्ट व्युत्पत्तिशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. वरील शालेय नोंद व कुटुंबाची माहिती उपलब्ध नसती, तर 'आंबेडकर' या रूपावरून एखादा संशोधक 'आंबेड' नावाचे गाव शोधू लागला असता आणि व्याकरणाच्या दृष्टीने त्याचे काहीच चुकले नसते. आडनावाचे रूप निर्दोष दिसत असूनही त्याचा इतिहास त्या रूपातून हाती लागेलच असे नाही.

४. अधिकारावरून पडलेली आडनावे

दुसरा मोठा वर्ग अधिकारनामांचा. यात दोन थर स्पष्ट दिसतात. पहिला थर गाव व परगणा यांच्या वतनी व्यवस्थेचा. पाटील हा गावचा प्रमुख, कुळकर्णी हिशेबनीस, चौगुला पाटलाचा साहाय्यक, जोशी पंचांग व मुहूर्त सांगणारा; परगण्यात देशमुख व देशपांडे यांची हीच जोडी. यांपैकी काही शब्द फार जुने आहेत. परमारांच्या ताम्रपटांत आढळणारा 'पट्टकिल' हा पाटलाचा पूर्वज होय. जोशी हे ज्योतिषी शब्दाचे प्राकृत रूप.

दुसरा थर मुसलमानी राजवटींत तयार झालेल्या दप्तरी व्यवस्थेचा. फारसीतील 'नवीस' म्हणजे लिहिणारा, आणि त्याचे मराठीत झालेले 'नीस' हे रूप या थराची खूण आहे. चिठ्ठ्या लिहिणारा चिटणीस, फारसी पत्रव्यवहार पाहणारा पारसनीस, रोकड खजिन्याचा हिशेब ठेवणारा पोतनीस, हजेरीची नोंद ठेवणारा सबनीस, कारखान्यांचा हिशेब लिहिणारा कारखानीस. फडणीस शब्द काही जण 'फर्द' म्हणजे कागदाचा बंद यावरून, तर काही जण 'फड' म्हणजे कचेरी यावरून साधतात. मुजुमदार हा 'मज्मूअदार' शब्दाचा मराठी अवतार. नाणी पारखणारा तो पोतदार.

येथे एक गोष्ट विशेष विचारार्ह आहे. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी राज्यकारभारातील फारसी संज्ञांच्या जागी संस्कृत संज्ञा आणण्याचा बुद्धिपूर्वक प्रयत्न केला, आणि राजव्यवहारकोश रचविला. पेशव्यास पंतप्रधान, मुजुमदारास अमात्य, सुरनिसास सचिव, वाकनिसास मंत्री, डबिरास सुमंत अशी नावे मिळाली. परंतु घराण्यांच्या नावांत मुजुमदार, सुरनीस, वाकनीस व डबीर हे शब्द तसेच राहिले. राज्यातील संस्कृत पदव्याही काही घराण्यांना चिकटल्या. भोरचे पंतसचिव आणि औंधचे पंतप्रतिनिधी ही त्याची उदाहरणे होत. पण पेशवा हा शब्दच पुढे इतका बलवत्तर ठरला की, श्रीवर्धनच्या भट घराण्याचे मूळ उपनाव लोकांच्या स्मरणातून जवळजवळ गेले. राज्यसत्तेला दप्तराची भाषा बदलता आली; लोकांच्या तोंडी बसलेली ओळख मात्र तिच्या आज्ञेने बदलली नाही.

अधिकारनामांच्या बाबतीत पुराव्याची मर्यादा सर्वांत ठळक आहे. नाना फडणीस यांचे घराणे वेळासचे भानू; फडणिशी घरात आल्यावर ते फडणीस झाले. ज्या ज्या घराण्यात हा अधिकार आला ते ते घराणे फडणीस झाले; या घराण्यांत परस्परांशी कोणतेही नाते असण्याचे कारण नाही. देशमुख, देशपांडे, कुळकर्णी यांच्याविषयीही हेच म्हणावे लागते. देशमुख हे नाव मराठा, ब्राह्मण, कायस्थ प्रभू व मुसलमान घराण्यांत आढळते, कारण ते अधिकाराचे नाव होते आणि अधिकार कोणा एका जातीचा नव्हता. कुळकर्णीपण मात्र बहुतेक ठिकाणी ब्राह्मणांकडे असल्यामुळे त्या आडनावास जातीचा वास आला. म्हणजे एका अधिकारनामाने जात सूचित होते आणि दुसऱ्याने होत नाही. याचा उलगडा शब्दाच्या अर्थात सापडत नाही, त्या अधिकाराच्या वाटपाच्या इतिहासात सापडतो.

स्वातंत्र्यानंतर ही व्यवस्था कायद्याने संपुष्टात आली. परगणा व कुळकर्णी वतने १९५० च्या मुंबई राज्याच्या कायद्याने, कनिष्ठ गाववतने १९५८ च्या कायद्याने, आणि पाटीलकीचा अधिकार १९६२ च्या महाराष्ट्र राज्याच्या कायद्याने रद्द झाला. वतने गेली, नावे राहिली. त्यामुळे ज्यांच्या घरात तीन पिढ्यांत कोणी गावचा हिशेब लिहिलेला नाही असे कुळकर्णी आणि ज्यांनी गावकी कधी पाहिली नाही असे पाटील आज सर्वत्र आहेत.

५. प्रसंग, धंदा आणि टोपणनाव

तिसऱ्या वर्गात प्रसंग, व्यवसाय, शरीरविशेष व थट्टा यांवरून पडलेली नावे येतात. काळे, गोरे, टकले, एकबोटे, अष्टपुत्रे, वाघमारे, आगलावे यांसारख्या नावांचे अर्थ उघड आहेत. अर्थ उघड असला तरी ज्या पूर्वजास ते नाव प्रथम पडले तो पूर्वज व तो प्रसंग बहुधा अज्ञातच राहतात. अज्ञाताची ही पोकळी भरून काढण्यासाठी कथा जन्मास येते.

बडोद्याच्या गायकवाड घराण्याविषयी अशी कथा आहे की, पळविल्या जाणाऱ्या गाईला एका पूर्वजाने कवाडातून आत घेऊन वाचविले, म्हणून गाय आणि कवाड मिळून गायकवाड. ही कथा एका घराण्याच्या अभिमानास पोषक आहे. परंतु गायकवाड हे आडनाव महाराष्ट्रात शेकडो गावांत व अनेक जातींत पसरलेले आहे. एका कवाडाशी घडलेला प्रसंग इतक्या विस्ताराचे कारण होऊ शकत नाही. घोरपडे या नावाविषयी कड्यावर घोरपड चढवून किल्ला सर केल्याची कथा सांगितली जाते. हीच कल्पना १६७० च्या सिंहगडच्या प्रसंगाशीही लोकांनी जोडली आहे. एकच कथाबीज दोन निरनिराळ्या काळांत व स्थळी आढळले म्हणजे ते लोककथेचे बीज होय हे ओळखावे. मुधोळकर घोरपडे यांच्या बहमनी फर्मानांच्या अस्सलपणाविषयी संशोधकांत वाद झाला तो याच कारणाने महत्त्वाचा आहे. कारण त्या फर्मानांच्या आधारेच नावाच्या कथेला इतिहासाचे रूप दिले गेले होते.

याउलट महात्मा जोतीराव फुले (१८२७–१८९०) यांच्या आडनावाचा इतिहास साधा व विश्वसनीय आहे. सातारा जिल्ह्यातील कटगुणचे हे घराणे मूळ गोऱ्हे. पुण्यास आल्यावर पेशव्यांच्या घरी फुले पुरविण्याच्या व्यवसायामुळे ते फुले म्हणून ओळखले जाऊ लागले. येथे चमत्कार नाही, शौर्य नाही. व्यवसाय बदलला, गिऱ्हाईक बदलले, नाव बदलले, आणि तेही एकदोन पिढ्यांत. आडनावे सामान्यतः अशाच रीतीने पडली असली पाहिजेत. ज्या आडनावांच्या मागे साध्या कथा होत्या त्या विसरल्या गेल्या, आणि ज्यांच्या मागे चमत्कारिक कथा रचल्या गेल्या त्याच तेवढ्या शिल्लक राहिल्या.

६. प्राचीन राजकुले आणि ध्वनिसाम्य

मोरे म्हणजे मौर्य, जाधव म्हणजे यादव, पवार म्हणजे परमार, साळुंखे म्हणजे चालुक्य, शेलार म्हणजे शिलाहार, कदम म्हणजे कदंब, ही समीकरणे मराठी वाचकांस परिचित आहेत. ती सर्व सारख्याच योग्यतेची नाहीत. आरंभीच्या 'य'चा प्राकृतात 'ज' होतो. यात्रा–जत्रा, योगी–जोगी ही त्याची उदाहरणे. म्हणून यादव–जाधव हे ध्वनिपरिवर्तन नियमित आहे. शिलाहार–शेलार हेही असंभाव्य नाही. चालुक्य–साळुंखे या जोडीत मात्र बऱ्याच मधल्या पायऱ्या कल्पाव्या लागतात.

परंतु ध्वनिपरिवर्तन नियमित असले म्हणून वंशपरंपरा सिद्ध होते काय? यादवांच्या राज्यात त्यांचे सरदार, सेवक, प्रजाजन यांनीही राजकुलाचे नाव धारण केले असण्याचा संभव आहे. बंजारा समाजातही राठोड, पवार, चव्हाण, जाधव ही नावे आहेत. ती सर्व घराणी एका राजवंशातून निघाली असे कोणी म्हणत नाही. मग एका जातीतील जाधवांविषयी ते निःशंकपणे का म्हणावे, याचे उत्तर ध्वनिशास्त्र देऊ शकत नाही.

मोरे या नावाचा प्रश्न यामुळे उद्बोधक ठरतो. कोकणात मौर्य नावाचे राजघराणे ६व्या–७व्या शतकांत होते, हे दुसऱ्या पुलकेशीच्या ऐहोळे शिलालेखावरून (शके ५५६, म्हणजे इ. स. ६३४) निश्चित आहे. जावळीचे मोरे, ज्यांचा 'चंद्रराव' हा किताब पिढीजात नावासारखा चालला आणि ज्यांची जावळी १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी घेतली, ते त्याच प्रदेशाच्या लगतचे. तेव्हा संबंध कल्पिण्यास जागा आहे. परंतु मोऱ्यांचे देवक मोराचे पीस आहे, आणि आडनावाचा उगम त्या देवकात शोधणारे मतही तितकेच स्वाभाविक आहे. कदमांच्या बाबतीत तर हे दोन्ही मार्ग एकाच ठिकाणी येऊन मिळतात. कळंब हे कदमांचे देवक, आणि कदंब राजवंशाने आपले नाव कदंब वृक्षावरूनच घेतल्याचे तालगुंडच्या शिलालेखात सांगितले आहे. राजवंशाचे नाव आणि कुळाचे देवक यांपैकी मूळ कोणते व अनुकरण कोणते, हे आडनाव सांगत नाही.

अशा समीकरणांना बळ मिळण्यास सामाजिक कारण होते. राज्य मिळविणाऱ्या घराण्यास क्षत्रियत्व व प्राचीनत्व यांची गरज भासे. भोसले घराण्याचा संबंध मेवाडच्या सिसोदियांशी जोडला गेला, संस्कृत रचनांत त्याचे 'भृशबल' असे रूप करण्यात आले, पुढे डॉ. रा. चिं. ढेरे यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शिखर शिंगणापूरविषयक ग्रंथात होयसळांशी संबंध मांडला. या मतांपैकी कोणतेही स्वीकारताना केवळ 'भोसले' हा शब्द पुरेसा नाही. कुलदैवत, स्थलांतराचा मार्ग आणि समकालीन लेख यांची साक्ष घ्यावी लागते. डॉ. ढेरे यांनी तशी साक्ष जमविण्याचा यत्न केला, आणि त्यामुळेच त्यांच्या मताची चर्चा गंभीरपणे झाली.

७. जात व धर्म यांच्या पलीकडे

'कर' प्रत्यय हिंदू समाजापुरता मर्यादित नाही, याचे उत्तम उदाहरण कोकणातील बेने इस्रायल समाजाचे आहे. हे मराठी भाषक ज्यू तेल गाळण्याचा धंदा करीत व शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांस 'शनवार तेली' म्हणत. त्यांची आडनावे किहीमकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर अशी गावांवरून आहेत. या समाजाचा इतिहास ज्यांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केला आणि ज्यांचा ग्रंथ १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला, ते हाईम सॅम्युएल केहीमकर स्वतः अलिबागजवळच्या किहीमचे नाव धारण करीत होते. व्यक्तिनाम हिब्रू व आडनाव मराठी, अशी ही रचना आहे. दळवी आणि दलवाई ही नावे सेनेच्या नायकाच्या जुन्या पदावरून आली. समाजसुधारक हमीद दलवाई (१९३२–१९७७) यांच्या घराण्याचे नाव त्यांपैकीच.

गोव्यात व वसईत याच्या विरुद्ध प्रक्रिया घडली. पोर्तुगीज अमलात धर्मांतर करणाऱ्यास बाप्तिस्म्याच्या वेळी नवे नाव मिळे, आणि बहुधा धर्मपित्याचे पोर्तुगीज आडनाव त्यास लागे. त्यामुळे एका घरातील भाऊ निरनिराळ्या आडनावांचे झाले, व परस्परांशी संबंध नसलेल्या घरांस एक आडनाव मिळाले. १७३९ मध्ये वसई मराठ्यांच्या हाती आल्यावरही ती नावे तशीच राहिली. आडनाव वरून आले, भाषा मात्र घरातली राहिली. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, या घटनेकडे पाहिले म्हणजे आडनावावरून मातृभाषा ठरविणे किती धोक्याचे आहे हे कळते.

महाराष्ट्राबाहेर गेलेल्या मराठी घराण्यांत आडनावाचा लोपही झालेला दिसतो. तंजावरच्या मराठी घराण्यांनी तमिळ देशाची रीत स्वीकारून गावाचे आद्याक्षर नावाच्या आधी घातले. त्रावणकोर, इंदूर व बडोदे येथे दिवाणगिरी केलेले सर टी. माधवराव (१८२८–१८९१) यांच्या नावातील 'टी' म्हणजे तंजावर. गावाशी असलेला जो संबंध महाराष्ट्रात प्रत्ययाने नावाच्या शेवटी दाखविला जातो, तोच तेथे एका अक्षराने आरंभी दाखविला गेला. १८३४ नंतर मॉरिशसला गेलेल्या मजुरांच्या बाबतीत नोंदवहीत एकेरी नाव लिहिले जाई, आणि पुढच्या पिढीत पित्याचे तेच नाव आडनाव होऊन बसे. तेथे आडनाव कुळाने दिले नाही, गावाने दिले नाही. ते कारकुनाच्या लेखणीने दिले.

८. नोंदवही आणि स्थैर्य

मॉरिशसमध्ये जे उघडपणे घडले ते महाराष्ट्रात सावकाश घडले. इंग्रजी अमलात जमिनीचे खाते, न्यायालयातील दावा, शाळेचा दाखला, विद्यापीठाची परीक्षा, नोकरीचा अर्ज व खानेसुमारी या प्रत्येक ठिकाणी व्यक्तीचे नाव एका ठरावीक नमुन्यात लिहिणे आवश्यक झाले. स्वतःचे नाव, पित्याचे नाव व आडनाव असा हा तीन पदांचा नमुना होय. ज्या पिढीचे नाव प्रथम नोंदवहीत गेले, त्या पिढीस त्या क्षणी जे उपनाव चालू होते ते पुढील सर्व पिढ्यांचे झाले. पूर्वी गाव सुटला, वतन मिळाले, धंदा बदलला की नाव बदलण्यास मोकळीक होती. आता ते बदलण्यासाठी शासनाच्या राजपत्रात जाहिरात द्यावी लागते.

जुन्या काळच्या लवचिकपणाचा एक अवशेष दत्तकविधानात टिकून राहिला. कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू छत्रपती म्हणून भोसले घराण्याचे झाले. विवाहित स्त्रीच्या बाबतीत तर नाव बदलणे हाच रूढ नियम ठरला. पित्याच्या जागी पती आणि माहेरच्या आडनावाच्या जागी सासरचे. यामुळे आडनावांच्या आधारे रचलेल्या सर्व कुलवृत्तांतांत घराण्याचा अर्धा भाग, म्हणजे मातृपक्ष, अदृश्य राहतो. १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांच्या बाबतीत महाराष्ट्र शासनाने नावाच्या नोंदीत आईचे नाव अनिवार्य केले आहे. भावी संशोधकास या एका बदलामुळे जे साधन मिळेल ते मागील संशोधकांस मिळाले नव्हते.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, आडनाव हे ऐतिहासिक साधन आहे, पण त्याचे मोल त्याच्या तारखेवर अवलंबून आहे. ते प्रथम कोणत्या कागदात, कोणत्या रूपात व कोणी लिहिलेले आढळते, हे ठरल्यावाचून त्याची व्युत्पत्ती लावणे व्यर्थ होय. स्वतः घेतलेले, शेजाऱ्यांनी ठेवलेले आणि सरकारी लेखणीने दिलेले नाव यांत भेद केला पाहिजे. आडनावाची साक्ष कुळ, गोत्र, देवक, कुलदैवत व वतन यांच्या साक्षीशी ताडून पाहिली पाहिजे. आणि एका घराण्याच्या कथेने त्या आडनावाचा सर्व विस्तार उलगडतो की नाही, हेही तपासले पाहिजे. यांतील एकही पायरी गाळून काढलेले अनुमान संशोधनात टिकत नाही.

ही सावधगिरी केवळ विद्वत्तेच्या काटेकोरपणासाठी आवश्यक आहे असे नाही. आडनाव ऐकताच जात ओळखण्याची आणि ओळखलेल्या जातीवरून माणसाची किंमत ठरविण्याची सवय समाजात अद्याप जिवंत आहे. या सवयीला आधार मिळतो तो आडनाव म्हणजे अनादी कालापासून चालत आलेली कुळाची मुद्रा या समजुतीचा. कागदपत्रांची साक्ष या समजुतीस अनुकूल नाही. संकपाळ हे उपनाव आंग्र्यांच्याही घरी होते आणि आंबेडकरांच्याही घरी होते, आणि दोघांनीही ते मागे टाकून आपल्या गावाचे नाव पुढे नेले, एवढी एक गोष्ट जरी नीट ध्यानात घेतली तरी आडनावाकडून काय विचारावे आणि काय विचारू नये, हे अभ्यासकास समजून येईल.